तीनशे सत्त्याऐंशी पाखरं

चाकणच्या कारखान्यात मालोजी तांदळ्यांना सगळे 'हातमोजणीवाले काका' म्हणत. कंपनी मध्यम, रबराचे सील बनवणारी, आणि मालोजी तिच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं. मार्चअखेरीला माल मोजायचा दिवस आला की इतर खात्यांतली माणसं खुर्ची न सोडता रॅकवरच्या कार्डांचे आकडे तक्त्यावर उतरवून मोकळी होत. या प्रकाराला तिथे 'टेबल मोजणी' असं नावही पडलं होतं. मालोजींना त्या नावाचीच शिसारी. एकदा एका नव्या मॅनेजरने घाई केली, "तांदळे, कार्डावर बाराशे आहेत ना? मग लिहा बाराशे आणि चला जेवायला."

"साहेब, कार्डावर बाराशे आहेत. खोक्यात किती ते खोकं उघडल्यावर कळेल."

खोक्यात अकराशे चौऱ्याण्णव निघाले. मॅनेजर तोंड पाडून जेवायला गेला आणि मालोजींना त्या दिवशी डब्यातली गार झालेली भाजीसुद्धा गोड लागली. आपण न मोजता आकडा लिहीत नाही, ही त्यांची एकुलती एक ऐट होती. केज तालुक्यातून बी.कॉम. होऊन आलेल्या, चिंचवडच्या भाड्याच्या खोल्यांत अर्धं आयुष्य काढून मोशीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेल्या माणसाला दुसरी कसली ऐट परवडणार?

या मोजायच्या सवयीनेच त्यांना पाखरांकडे नेलं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी कंपनीची बस यायला उशीर झाला. बसथांब्यामागे म्हसोबाचं तळं. इंद्रायणीला पूर आला की त्यात पाणी शिरतं, पूर ओसरला की तिथेच राहतं. काठाला पाणकणसांची गर्दी, पलीकडे नव्या इमारतींची रांग. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे काळेपांढरे पक्षी चरत होते. काही काम नव्हतं म्हणून मालोजींनी ते मोजले. त्रेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर एक्केचाळीस. दोन कुठे गेले? या प्रश्नाने त्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. पक्ष्याचं नाव शेकाट्या, हे महिन्याभराने कळलं. मोजणी आधी आणि ओळख मागाहून, असा त्यांचा उलटा प्रवास.

पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारा सुजित भेटला. तो हौशी पक्षीनिरीक्षकांचा एक गट चालवायचा. दर जानेवारीत ठरलेल्या रविवारी हा गट शहराभोवतीच्या पाणथळ जागा वाटून घेई आणि सकाळी दोन तास पक्षी मोजी. मोजलेले आकडे मोबाइलवरच्या फॉर्मात भरायचे, ते पुढे सरकारी अहवालांतही जात. म्हसोबाचं तळं मालोजींकडे आलं. सात वर्षं ते त्यांच्याकडेच राहिलं. त्यांची मोजायची रीत ठरलेली: आधी दहादहाचे गठ्ठे, मग उडालेले वजा, मग पुन्हा उलट बाजूने. सुजित नव्या पोरापोरींना सांगायचा, "काकांच्या आकड्याला हात लावायचा नाही. काकांनी लिहिलं म्हणजे पक्षी स्वतः सही करून गेलेत."

तळ्यावर मालोजींना एक सोबत होती. तानुबाई. मोशीच्या जुन्या घरातली, पंचाहत्तरीच्या पुढची बाई. घरच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या, पण तिने दोन म्हशी सोडल्या नव्हत्या. रोज पहाटे ती त्यांना तळ्यावर आणायची आणि दगडावर बसून राहायची. मालोजी पहिल्यांदा दुर्बीण घेऊन आले तेव्हा तिने विचारलं होतं, "काय मोजताय, प्लॉट का?"

"पक्षी मोजतोय, मावशी."

"कुनाची हायती?"

"कुणाची नाहीत."

"मंग मोजून काय करनार?" असं म्हणून ती हसली होती. पण दुसऱ्या आठवड्यापासून तीही मोजायला लागली. तिचं मोजणं विसावर. एक ईस, दोन ईस, तीन ईस. वीस झाले की एक खडा पदरात. मालोजींचं मोजून झालं की ती पदर झटकून खडे दाखवायची आणि दोघांचे आकडे चारदोनने इकडेतिकडे निघायचे. फॉर्ममध्ये 'सोबतचा निरीक्षक' असा एक रकाना होता. तिथे मालोजी दर वर्षी आडवी रेघ मारत. विसावर मोजणाऱ्या बाईचं नाव तिथे लिहायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ती मात्र त्यांना 'वहीवालं भाऊ' म्हणायची आणि इतरांना सांगायची, "त्यांचं लिवल्यालं वर जातंय. खोटं लिवत न्हाईत ते."

गेल्या दोन वर्षांत तळ्याच्या पलीकडच्या काठावर राडारोडा पडायला लागला. कुठल्या तरी बांधकामावरचे डंपर येत आणि विटामातीचे ढीग ओतून जात. पाणी आक्रसत चाललं. यंदाच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तानुबाईने मालोजींना थांब्यावर गाठलं.

"भाऊ, आवंदा पाखरं आली न्हाईत."

"येतील मावशी. थंडी उशिरा पडलीय."

"थंडीचं न्हाई त्ये. बसायला जागाच ऱ्हायली न्हाई. एक ईससुदिक भरत न्हाई. तुमी लिवा तेवढं. आमी वरडलो तर म्हातारी बरळती म्हंत्यात. तुमचं वाचत्यात."

"लिहितो की," मालोजी म्हणाले. तेवढ्यात बस आली.

खरं तर मालोजींचं मन तेव्हा तळ्यावर नव्हतंच. गटातल्या पाच जणांबरोबर ते केरळात थट्टेकाडच्या अभयारण्याला निघाले होते. आयुष्यातली पहिली अशी सहल. तोवर त्यांनी तीनशे अकरा जातींचे पक्षी पाहिले होते आणि तीनशे बारावा कोणता हवा हेही ठरलं होतं. बेडकासारख्या रुंद तोंडाचा एक पक्षी, जो दिवसा वाळल्या पानासारखा फांदीवर निजलेला असतो आणि हातभर अंतरावरूनही दिसत नाही. गुरुवार आणि शुक्रवार जंगलात, शनिवारी रात्री घरी, रविवारी सकाळी तळ्यावर मोजणी, असा चोख आराखडा मालोजींनीच आखला होता.

शुक्रवार संपला तरी तो पक्षी दिसला नाही. वाटाड्या म्हणाला, उद्या नक्की दाखवतो. गटातले तिघे परत निघाले. मालोजी रात्रभर कूस बदलत राहिले आणि पहाटे त्यांनी तिकीट पुढे ढकललं. रविवार चुकणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. सुजितला फोन केला असता तर त्याने दुसरं कुणी तळ्यावर पाठवलं असतं. त्यांनी फोन केला नाही. 'बघू' एवढंच ते स्वतःशी म्हणाले. बत्तीस वर्षांत स्टोअरमध्ये त्यांनी हा शब्द कुणाकडून चालवून घेतला नव्हता.

शनिवारी सकाळी वाटाड्याने वेलींच्या जाळीत बोट दाखवलं. दोन वाळकी पानं. मग त्यातल्या एका पानाने डोळा किलकिला केला. नर आणि मादी खांद्याला खांदा लावून निजलेली. मालोजी पंधरा मिनिटं हलले नाहीत. इतका निर्भेळ आनंद त्यांना मुलाच्या पगाराच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता, आणि पुढे याच आनंदाची आठवण आली की त्यांना तोंड लपवावंसं वाटायला लागलं.

पुढचं तिकीट रविवारचं मिळालं आणि सोमवारी रात्री ते मोशीला पोचले. फॉर्म भरायची शेवटची तारीख मंगळवार. मंगळवारी पहाटे ते तळ्यावर जाऊ शकले असते, पण अंग आंबलं होतं. ते थेट बसमध्ये चढले आणि तळ्याकडे पाठ होईल अशा बाजूला बसले. स्टोअरमध्ये केळीचे वेफर्स वाटले. संध्याकाळी सुजितचा निरोप आला, "काका, सगळ्या जागांचे फॉर्म आले. फक्त तुमचा बाकी. आज रात्री बंद होईल."

जेवणाआधी मालोजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. समोर मागच्या सात वर्षांची वही. चारशे दोन, तीनशे अठ्ठ्याऐंशी, चारशे एकतीस, तीनशे शहात्तर, चारशे एकोणीस, तीनशे पंचाण्णव, तीनशे एकसष्ट. सरासरी तीनशे शहाण्णव. तोच आकडा लिहिला तर सरासरी काढल्यासारखं दिसेल, म्हणून थोडा खाली आणला. तीनशे सत्त्याऐंशी. मग तो जातींमध्ये वाटला. काळे वारकरी पक्षी एकशे आठ, थापट्या बदकं बासष्ट, हळदीकुंकू बदकं एक्केचाळीस, आणि असंच पुढे. शेवटी पाच किंवा शून्य येणारे आकडे त्यांनी वेचून बदलले, कारण खऱ्या मोजणीत ते इतके येत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. वेळ, सात दहा ते नऊ पाच. हवामानाच्या रकान्यापाशी बोट क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'हलकं धुकं'. सोबतचा निरीक्षक, आडवी रेघ.

वीस मिनिटांत काम झालं. बायकोने, सुमनने, ताट वाढता वाढता विचारलं, "झाली का हो मोजणी?"

"झाली," मालोजी म्हणाले. 'एक ईससुदिक भरत न्हाई' हे शब्द त्यांना आठवले नाहीत असं नव्हतं. त्यांनी भाकरी कालवणात कुस्करली आणि शब्दही तिच्याबरोबर गिळून टाकले.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गावातल्या मंगल कार्यालयात सुनावणी ठेवली गेली. तळ्याचा अर्धा भाग भरून तिथे रस्ता आणि वाहनतळ करायचा प्रस्ताव होता, आणि लोकांच्या हरकती ऐकायला अधिकारी येणार होते. मालोजी कामावरून परस्पर गेले. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पुढच्या रांगेत तानुबाई होती. तिने शेजारच्या खुर्चीवर आपली कापडी पिशवी ठेवून जागा धरली होती. मालोजी दिसताच तिने पिशवी उचलली.

"बसा भाऊ. आज आपलं तुमच्या वहीवर हाय सारं."

तिची पाळी आली तेव्हा ती पदर खोचून उभी राहिली आणि माइक दूर सारून बोलली, "सायेब, त्या राड्यानं तळं मारलं. पाखरं आली न्हाईत आवंदा. एक ईस भरत न्हाई. अजून आर्दं बुजवल्यावर काय ऱ्हानार?"

अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने चष्मा लावून समोरचा अहवाल चाळला. "आजी, तुमची कळकळ समजते. पण आमच्याकडे मोजणी आहे. स्थानिक निरीक्षकाची, सलग आठ वर्षांची, अतिशय विश्वासार्ह. गेल्या वर्षी तीनशे एकसष्ट पक्षी होते. यंदा हलकं धुकं असूनही तीनशे सत्त्याऐंशी. म्हणजे भराव पडल्यानंतर सव्वीस पक्षी वाढलेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "राड्यावर जास्त पिकतात वाटतं!" हशा पिकला.

"धुकं?" तानुबाई म्हणाली. "मोजणीच्या ऐतवारी? मी म्हशी घिऊन तितंच व्हते. धुकं नव्हतं."

"आजी, तुमच्या डोळ्यांत असेल धुकं. मोतीबिंदू बघून घ्या," पुन्हा मागचाच आवाज.

तानुबाई त्याच्याकडे वळलीही नाही. त्या रविवारी भाऊ तिला दिसले नव्हते, पण ते राड्यापलीकडून मोजत असतील असंच तिने धरलं होतं. ती अधिकाऱ्याला म्हणाली, "सायेब, ह्यो कागद कुनीतरी बदल्याला हाय. मोजनारं भाऊ हितं बसल्यात. ते खोटं लिवायचं न्हाईत. मान कापली तरी न्हाई लिवायचं. इचारा त्यांनाच." मग तिने मालोजींच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगा की वो भाऊ. ह्यो तुमचा आकडा न्हाई म्हनून सांगा."

सगळा हॉल मालोजींकडे बघत होता. अधिकाऱ्याने कागद पुढे केला. खाली नाव होतं, मालोजी तांदळे, मोशी.

मालोजी उभे राहिले. "आकडा..." ते म्हणाले, "आकडा मीच भरलेला आहे."

"म्हणजे अहवाल बरोबर आहे?"

त्यांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. अधिकाऱ्याने नोंद केली आणि पुढचं नाव पुकारलं. तानुबाईचा हात खांद्यावरून निघाला. ती रागावली नव्हती. ती गोंधळून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, घरातली ओळखीची वस्तू जागेवर नसावी तशी. मग खाली बसून हळूच म्हणाली, "आसंल बाबा. मलाच दिसलं नसंल."

त्या दिवसापासून मालोजींनी बसथांबा बदलला. एक किलोमीटर चालून ते पुढच्या थांब्यावर जात, तळं वाटेत येऊ नये म्हणून. स्टोअरमध्ये कुणी 'हातमोजणीवाले काका' म्हटलं की खाली बघत. मार्च जवळ येत होता, मोजणीचे तक्ते छापून आले होते. एक पोरगा कार्डावरून आकडे उतरवताना त्यांना दिसला. ते तरातरा त्याच्यापर्यंत गेले आणि एक शब्द न बोलता परत फिरले. घरी दुर्बीण कपाटात गेली.

आठवडाभर सुमन बघत होती. मग एका सकाळी चहा ठेवून म्हणाली, "त्या तळ्यावरच्या मावशी काल भाजीबाजारात भेटल्या. तुम्हाला विचारत होत्या. आजारी आहेत का म्हणाल्या. डोळे दाखवायला निघाल्या होत्या."

"डोळे? कशाला?"

"मला काय माहीत? तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी रविवार. मालोजी उजाडायच्या सुमाराला तळ्यावर गेले. दुर्बीण नेली नाही. म्हशी पाण्यात होत्या, तानुबाई आपल्या दगडावर. पलीकडच्या ढिगाऱ्यावर एक कुत्रं माती उकरत होतं. मालोजींना बघून तानुबाईचा चेहरा उजळला, आणि तेच त्यांना सोसवेना.

"या भाऊ. बरं न्हवतं का?"

"डोळ्यांना काय झालं, मावशी?"

"आवो काय सांगू. तुमचा आकडा आयकला आन मला घोर लागला. म्हनलं, पावनेचारशे पाखरं समोर बसत्यात आन मला दिसत न्हाईत. उद्या म्हस हिरीत पडली तरी दिसायची न्हाई. गेले डाक्टरकडं. त्यानं कागद लावला, लाइट मारला. म्हनला, आजी, जवळचं थोडं अंधूक हाय, पर लांबचं तुमास्नी माज्यापेक्षा चांगलं दिसतंय." ती थांबली. पाण्याकडे बघत म्हणाली, "मंग म्या इचारलं, आन बदकं का दिसंनात? तर हसला. म्हनला, बदकं नसतील, आजी."

मालोजी तिच्या दगडाशेजारी खाली मातीत बसले.

"मावशी, बदकं नव्हतीच."

तिने पाण्याकडून मान वळवली.

"मी आलोच नव्हतो त्या रविवारी. केरळात गेलो होतो. एक पक्षी बघायला एक दिवस जास्त राहिलो. मग घरी बसून जुन्या वहीवरून आकडा काढला. धुकंसुद्धा मीच घातलं. तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही सांगितलं ते खरं होतं आणि मला ते माहीत होतं."

म्हशीने पाण्यात फुरफुर केलं. मग तानुबाईने विचारलं, "आन तितं समद्यांम्होरं मी म्हनले, मान कापली तरी न्हाई लिवायचं. तवा तुमी आयकत व्हता?"

"हो."

"आन गप बसला."

"हो."

ती उठली. म्हशींना हाक घातली, काठी उचलली आणि निघाली. पाच पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "मला आंधळी केलंस की रं." सात वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं.

हरकती लेखी द्यायला अजून चार दिवस होते. मालोजींनी त्याच दुपारी कागद घेतला. स्टोअरमधल्या पत्रांसारखी 'नजरचुकीने' अशी सुरुवात त्यांनी केली आणि मग तो कागद फाडला. नजर तिथे गेलीच नव्हती तर ती चुकणार कशी? दुसऱ्या कागदावर सरळ लिहिलं, 'त्या दिवशी मी तळ्यावर हजर नव्हतो. यंदाची नोंद मी घरी बसून तयार केली आहे. ती खोटी आहे. तळ्यावर रोज असणाऱ्या तानुबाई यांनी मला आधीच सांगितलं होतं की पक्षी वीसही नाहीत. मी ते नोंदवलं नाही.'

पत्र त्यांनी सुजितला फोनवर वाचून दाखवलं.

"काका, हे पाठवू नका," तो म्हणाला. "मी तुमची नोंद तांत्रिक कारणाने मागे घेतो. तेवढं पुरे. तुम्ही असं लिहून दिलंत तर मागची सात वर्षंही जातील. कोण विश्वास ठेवेल मग त्यांच्यावर?"

"ती सात खरी आहेत, सुजित."

"मला माहीतेय. पण ते सिद्ध कसं करणार तुम्ही?"

मालोजींनी वही उघडली. तीनशे एकसष्ट पक्षी त्यांनी कुडकुडत तीन वेळा मोजले होते, आणि ते आता त्या खोट्या आकड्याशेजारी एकाच रांगेत उभे होते, हुबेहूब सारखे. "तांत्रिक कारण म्हटलं तर ती बाई खोटीच राहते," ते म्हणाले. "पत्र मीच नेऊन देतो."

पत्र दिल्यावर अधिकाऱ्यांनी पुन्हा सुनावणी लावली. हॉल तोच. तानुबाई पुढच्या रांगेत तशीच बसली होती, पण शेजारच्या खुर्चीवर पिशवी नव्हती, दुसरीच एक बाई होती. मालोजी भिंतीशी उभे राहिले. नाव पुकारल्यावर त्यांनी पत्र वाचलं. मागून तोच ओळखीचा आवाज आला, "काका, मग बाकीची सात वर्षंबी केरळातच होता काय?" लोक हसले. मालोजींनी वाचन पुरं केलं आणि घडी घालून कागद खिशात ठेवला. हसणाऱ्यांचा त्यांना राग आला नाही. त्यांच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "तांदळे, मग तुमच्या सगळ्याच नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागतील."

"ठेवा साहेब."

मग तो तानुबाईकडे वळला. "आजी, मागच्या वेळी तुम्ही काय सांगितलं होतं? पुन्हा सांगा. या वेळी लिहून घेतो."

तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं. प्रस्ताव पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबला, नव्याने मोजणी होईपर्यंत, आणि ती मोजणी दोन माणसांनी करायची असं ठरलं. डंपरचं काय, त्यावर 'पाहणी करू' एवढंच उत्तर मिळालं. सुजितच्या गटाने मालोजींचं नाव यादीतून काढलं नाही, पण आकड्यांपुढे एक खूण आली, 'पडताळणी नाही'. आठही वर्षांपुढे. मालोजी कधीकधी मोबाइलवर ती यादी उघडत आणि त्या आठ खुणा वरपासून खालपर्यंत बघत. ऐट जिथे असायची ती जागा आता हाताला लागत नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी ते तळ्यावर गेले. तानुबाई दगडावर होती. तिने 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. मालोजी चार हात अंतर राखून उभे राहिले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि रोजच्या सवयीने मनातल्या मनात मोजायला लागले. पाणकणसांच्या कडेला थोडे थापटे उरले होते, दोन हळदीकुंकू बदकं, काही वारकरी. मोजून झाल्यावर त्यांनी वही काढली.

"किती?" तानुबाईने विचारलं.

"सतरा."

"कशावरनं?"

बत्तीस वर्षं मालोजी इतरांना हेच विचारत आले होते.

तानुबाईने दगडावरून थोडं सरकून घेतलं. जागा करून दिली असं म्हणता आलं नसतं, पण म्हशी नीट दिसाव्यात म्हणूनही ते नव्हतं. तिने खाली वाकून एक खडा उचलला आणि मुठीत धरला, वीस भरले तर पदरात टाकायला.

"पयल्यापास्नं मोज," ती म्हणाली. "मोठ्यानं. मला आयकू दे."

मालोजींनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. "एक," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला.

"आयकू आलं न्हाई."

"एक," ते मोठ्याने म्हणाले. थांब्यावर बसची वाट बघणारी दोन माणसं वळून बघायला लागली. "दोन. तीन."